त्यांच्या नावाची माळ

देवाने माझं ऐकलं, हे मी कबूल करते. पण ते सांगताना मला आनंद होत नाही, आणि म्हणूनच हे लिहायला मी इतके दिवस लावले. आमच्या भजनी मंडळातल्या बाया आपापले अनुभव सांगतात. कोणाचा मुलगा तापातून उठला, कोणाची हरवलेली गाय दाराशी येऊन उभी राहिली. सगळ्या ऐकतात, हात जोडतात. माझी पाळी आली की मी टाळ आवरायला उठते. कारण मी देवाजवळ जे मागितलं ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. मी एका माणसाला नमव असं मागितलं होतं, आणि तो माणूस माझ्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ होता, म्हणजे नात्याने माझा भासरा.

घाटंजीपासून थोडं आत आमचं गाव आहे. वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचं वावर भासऱ्यांकडे गेलं आणि आतलं आमच्याकडे आलं. आमच्या वावरात जायची पांदण, म्हणजे गाडीवाट, त्यांच्या धुऱ्याच्या बांधावरून जात होती. सासऱ्यांच्या वेळेपासून बैलबंडी तिथूनच जायची, त्यामुळे तिचं वेगळं बोलणं कधी झालंच नाही. मग एका वर्षी आमच्या बैलाने त्यांच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत, तोंड घातलं. दोघा भावांची चौकात शब्दाशब्दी झाली. मीही त्या दिवशी आमच्या अंगणातून, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, दोन शब्द जास्तच बोलले. सासूबाई मला म्हणायच्या, हिला राग आला की घरातलं दूध नासते. तिसऱ्या दिवशी पांदणीच्या तोंडाशी काटेरी तार लागली आणि तारेसमोर बाभळीच्या काट्या पडल्या. आम्ही नाल्याकडून फिरून जाऊ लागलो. लोक म्हणाले तहसीलमध्ये अर्ज करा, पण आमचे हे म्हणाले, "भावावर अर्ज नाही करनार मी."

तीन वर्षांपूर्वी तुरी सोंगायच्या दिवसांत ह्यांच्या छातीत कळ आली. मी चार ओळी मागे होते. त्यांनी विळा खाली ठेवला, नीट ठेवला, फेकला नाही, आणि मातीत बसले. बायांनी गावात फोन लावला. तांड्यावरचा प्रल्हाद ऑटो घेऊन लगेच निघाला, पण सवयीने पांदणीकडे वळला, तारेशी येऊन थांबला, भोंगा वाजवत राहिला, आणि शेवटी मागे फिरून नाल्याच्या वाटेने आला. नाल्यात ऑटो उतरत नाही. आम्ही ह्यांना बाजेवर टाकून पलीकडे नेलं. घाटंजी यायच्या आधीच ते गेले.

डॉक्टर म्हणाले की थोडं आधी आणलं असतं तर वाचले असते, असं मी पुढे सगळ्यांना सांगत राहिले. आज खरं लिहायला बसले आहे तर हेही लिहिते, की डॉक्टर असं काही बोलले नव्हते. त्यांनी फक्त मान हलवली होती. ते वाक्य मी माझ्या मनाने जोडलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाच ते त्यांच्या आवाजात ऐकू येऊ लागलं.

भासरे मातीला आले, लांब उभे राहिले आणि एक शब्द न बोलता गेले. तेरवीला आले नाहीत. देवाधर्माचं त्यांना आधीपासूनच काही नव्हतं. मारुतीच्या देवळावरून जाताना गावातला प्रत्येक माणूस चालता चालता छातीला हात लावतो, भासरे तेवढे सरळ निघून जायचे, तोंडात तंबाखूचा खर्रा आणि मान ताठ. त्यांच्याशी भांडायचीही मला सोय नव्हती. आमच्याकडे लहान भावाची बायको भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते, त्यांच्याशी तोंडाने बोलत नाही, त्यांचं नाव घेत नाही. तीस वर्षांत मी त्यांना एक शब्द थेट बोलले नव्हते. तेव्हा मी देवाकडे गेले.

माझ्या मागण्याला मी पाप समजत नव्हते, उलट मोठं सात्त्विक समजत होते. त्यांचं वाईट कर असं मी कधी म्हटलं नाही. मी म्हणायची, देवा, त्यांचा ताठा उतरव. त्यांचं डोकं तुझ्या पायरीवर टेकू दे, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी पाहू दे. शेवटचं वाक्य मी हळू म्हणायची. मागच्या श्रावणात मी अकरा शनिवारांचा नेम धरला. मारुतीला रुईच्या एकवीस पानांची माळ, प्रत्येक पानावर गंधाने राम लिहायचं, आणि एक नारळ. रुई मला लांब शोधावी लागली नाही. बंद पांदणीत चाक फिरत नव्हतं, त्यामुळे तिथे कमरेएवढी रुई माजली होती. तारेच्या अलीकडे उभी राहून मी पानं तोडायची. पान तुटलं की पांढरा चीक निघतो, तो बोटांना चिकटून राहायचा, आणि मी मनात त्यांचाच राग घोळवत घरी यायची.

देवळाचं सगळं आमचे म्हातारे गुरव सदूबाबा पाहतात. पहिल्या शनिवारी त्यांनी माळ हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कोनाच्या नावानं घालू, माय?"

"मोठ्या घरच्याच्या नावानं," मी म्हटलं. नमायचं त्यांनी होतं, तेव्हा नाव त्यांचंच घ्यावं लागणार असं मला वाटलं. सदूबाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि मारुतीसमोर भासऱ्यांचं नाव घेतलं. नारळ फोडून एक भकल, म्हणजे अर्धी वाटी, माझ्या हातात दिली. दुसरी स्वतःजवळ ठेवली.

माझी चूक इथे झाली. आमच्या गावची रीत अशी आहे की ज्याच्या नावाने माळ पडते त्याच्या घरी एक भकल जाते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बायको नवऱ्याच्या नावाने घालते, आई लेकराच्या नावाने घालते, त्यामुळे दोन्ही भकला एकाच पदरात येतात. परक्या घरच्या माणसाच्या नावाने कोणी माळ घातल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरी भकल देवळाची, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली, आणि रागाच्या भरात पुढे विचारच केला नाही.

तिसऱ्या शनिवारी कानावर आलं की भासऱ्यांच्या गालात आतून फोड झाला आहे आणि तो बसत नाही. पाचव्या शनिवारच्या आधी त्यांना नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, जबडा काढला, जीभही बरीच गेली. चौकात ज्यांचा आवाज ऐकून कुत्री उठायची त्यांना आता बोलता येणार नव्हतं. ही बातमी मला शेजारणीने सांगितली. मी पदर तोंडाला लावून "अरे देवा" म्हटलं, आणि त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली. हे लिहिताना हात अडतो, पण खाल्ली. हात धुताना मात्र मला भीती वाटली. देव इतक्या लवकर ऐकतो हे मला ठाऊक नव्हतं. नेम मोडावा असंही एकदा मनात आलं, पण अर्धा नेम मोडला तर तो आपल्यावरच उलटेल या धाकाने मी पुढच्याही माळा घातल्या. भक्ती त्यात गुंजभरही नव्हती.

दहाव्या शनिवारनंतरच्या सोमवारी, दुपारी, माझ्या दारात जाऊबाई उभ्या राहिल्या. तीन वर्षांत त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, नवऱ्याचं सगळं त्या एकट्या पाहत होत्या, आणि चेहरा पार उतरला होता. मी पाणी दिलं. ते तसंच हातात धरून त्या बोलल्या.

"दर शनवारी सदूबाबा भकल आनून देते, माय. पहिल्यांदा मी म्हटलं, आमच्या नावानं कोन माळ घालते, बाबा? तं तुह्यं नाव सांगितलं. मले खरंच वाटेना."

दुसरी भकल कुठे जात होती ते मला तेव्हा कळलं.

"आमच्याबद्दल गाव काय बोलते ते मले काय मालूम नाही? तूच तेवढी त्याइच्यासाठी देवापाशी उभी राह्यली. त्याइले चावता येत नाही. मी भकल खिसते, वाटते, पिळून चमच्यानं दूध पाजते. पाजलं का डोये भरून येते त्याइचे. ज्या मानसानं देवाले कधी हात नाही जोडला तो आता शनवार कधी येते ते बोटावर मोजते." मग त्यांनी पदराने नाक पुसलं. "त्याइनं बलावलं तुले. चालतं का?"

मी गेले. वाटेत माझं एकच चाललं होतं, की खरं सांगायचं की नाही. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला एक चमचा नारळाच्या दुधाचा आधार होता, आणि त्या दुधात मी काय कालवलं होतं ते फक्त मला आणि देवाला ठाऊक होतं. गप्प राहिले असते तर सगळ्यांच्या नजरेत मी साध्वी ठरले असते. ते मोठेपण घ्यायचा मोह मला झाला नाही असं नाही.

भासरे छपरीत बाजेवर बसले होते. अर्ध्या चेहऱ्याला पंचा गुंडाळलेला, अंगात काही उरलं नव्हतं. मी पदर ओढून दाराच्या आड उभी राहिले. त्यांच्या मांडीवर पाटी होती, पेन्सिलीने त्यांनी बराच वेळ लिहिलं आणि पाटी जाऊबाईंकडे दिली. जाऊबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ती माझ्या हातात आणून दिली. तीस वर्षांत भासऱ्यांचा माझ्याशी झालेला पहिला शब्द असा पाटीवरून आला.

पाटीवर होतं, "त्या दिवशी मी वावरात होतो. ऑटो तारीपाशी थांबला ते मी पाह्यलं. मले वाटलं तुरी भराले आला. भोंगा वाजवे. मी म्हटलं वाजू दे. मंग समजलं तं धावलो, पन ऑटो फिरला होता. हे मी कोनाले सांगितलं नाही. तरी तू माह्या नावानं माळ घालते."

मी ते दोनदा वाचलं. भोंगा मीही ऐकला होता, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. तो आवाज तीन वर्षं माझ्या कानात होता. मला वाटलं होतं की हे कबूल झालं, हा माणूस खाली आला, की माझी छाती थंड होईल. तसं काही झालं नाही. मला ह्यांच्या पायातल्या चपला आठवल्या. तार लागल्यावर आमचे हे दोनदा चपला घालून भावाकडे निघाले होते, समजूत काढायला. दोन्ही वेळा मीच अंगणातून परत बोलावलं होतं. "तुम्ही कायले नमता? नमू द्या त्याइले," असं मीच म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी ते चपला काढून कितीतरी वेळ ओट्यावर नुसते बसून राहिले होते. भासऱ्यांनी तार लावली हे खरं, पण ती काढायला निघालेल्या माणसाला मी थांबवलं होतं. ही गोष्ट मी देवाला एकाही शनिवारी सांगितली नव्हती.

मी पाटी पुसली. त्यावर लिहिलं, "तुम्ही बरे व्हावं म्हणून माळ नव्हती. तुम्ही नमावं म्हणून होती. हे तुमच्याकडे येत होते, त्यांना मी येऊ दिलं नाही." आणि पाटी जाऊबाईंच्या हाती परत दिली.

त्यांनी पाटी डोळ्यांजवळ धरून वाचली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. आता हा माणूस पाटी फेकेल, असं मला वाटलं, आणि फेकली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी तळहाताने पाटी हळूहळू पुसली, कोपऱ्यातली अक्षरंसुद्धा. मग लिहिलं, "माळ घातली ते बरोबर केलं. शनवारी मले देवळात ने."

"काय लिवलं, माय?" जाऊबाईंनी विचारलं.

"शनिवारी देवळात यायचं म्हणतात," मी म्हटलं. बाकीचं मला सांगवलं नाही. मी घरी आले आणि ह्यांच्या फोटोसमोर बसून पहिल्यांदा पोटभर रडले. तेरवीच्या दिवशीही मी अशी रडले नव्हते. तेव्हा रागाने मला सावरून धरलं होतं.

शुक्रवारी भासऱ्यांनी माणूस लावून तार काढवली, काट्या जाळल्या. शनिवारी सकाळी प्रल्हादचा ऑटो आला. तेव्हाचाच ऑटो. भासरे आणि जाऊबाई मागे बसले, मी चालत येते म्हटलं. ऑटो देवळाकडे वळायचा होता, पण भासऱ्यांनी हाताने पांदणीकडे खूण केली. प्रल्हादने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ऑटो पांदणीत शिरला आणि रुईची झाडं चाकाखाली मोडू लागली, सगळीकडे तो पांढरा चीक. मी मागून चालत होते. ह्यांनी जिथे विळा ठेवला होता तिथपर्यंत ऑटो गेला आणि थांबला. चुलीवर चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. प्रल्हाद खाली उतरून पाठ करून उभा राहिला. भासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. जाऊबाई आणि मी, दोघी रडलो, एकमेकींना न धरता. त्या दिवशी ही वाट मोकळी असती तर काय झालं असतं हे मला आजही माहीत नाही. पण वाट किती लहान होती ते मी त्या शनिवारी चालून पाहिलं.

मग आम्ही देवळात आलो. भासऱ्यांनी पिशवीतून माळ काढली. एकवीस पानं, त्यांनी स्वतः बाजेवर बसून गंधाने लिहिलेली, वेडीवाकडी, दोन-तीन पानांवर नुसता ओघळ. त्यांनी गुडघे टेकले आणि पायरीवर डोकं ठेवलं. मला माझ्या डोळ्यांनी पाहू दे असं मी मागितलेलं सगळं समोर होतं, आणि मला ते पाहवेना. मी नजर खाली घेतली. त्यांना परत उठता येत नव्हतं. सदूबाबा आणि प्रल्हादने दोन्ही बाजूंनी धरून उचललं.

सदूबाबांनी माळ हातात घेऊन विचारलं, "कोनाच्या नावानं, मोठे बावाजी?"

मला वाटलं ते स्वतःकडे बोट करतील. त्यांनी मागे वळून, मी खांबाआड उभी होते तिकडे हात केला. सदूबाबांनी माझं नाव घेतलं आणि माळ मारुतीच्या गळ्यात घातली.

संध्याकाळी सदूबाबा काठी टेकत माझ्या दाराशी आले आणि भकल माझ्या पदरात टाकली. "मोठ्या घरून," एवढंच म्हणाले. भासऱ्यांनी माझ्यासाठी काय मागितलं ते मला माहीत नाही. माझा ताठा उतरावा असं मागितलं असेल तर तेही बरोबरच होतं. ती भकल मी एकटीने, उंबऱ्यावर बसून, सगळी खाल्ली.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. मारुतीने त्यांना वाचवलं नाही, आणि माझं माणूसही परत दिलं नाही. तरी मी देवाची ऋणी आहे. मी शिव्यांसारख्या घातलेल्या माळा त्याने त्या घरी औषधासारख्या पोचवल्या. मी मागितलेलं त्याने शब्दाला शब्द दिलं, आणि ते घेताना माझीच मान खाली केली. कोणी वाकायचं आणि कोणी उठायचं हे ठरवायचं काम आता मी त्याच्याकडे सोडलं आहे. माझ्याकडे होतं तेव्हा मी ते फार वाईट केलं.

जाऊबाई आता दुपारी माझ्याकडे येतात, आम्ही डाळ निवडतो, फार बोलत नाही. कधीकधी मधेच एकीचा हात थांबतो, मग दुसरी तिच्या सुपातली डाळ आपल्या सुपात ओढून घेते. शनिवारी मी अजून माळ घालते. सदूबाबा अजून विचारतात, "कोनाच्या नावानं, माय?" मी म्हणते, तुमच्या मनात येईल त्याच्या. भकल कोणाच्या घरी जाते ते मी विचारत नाही. पांदणीतून आता रोज बंड्या जातात, तिथे रुई उरली नाही. माळेची पानं मला नाल्याकडून आणावी लागतात.